हद्दीवरचा बग बेवारस राहू नये म्हणून

मुक्त सॉफ्टवेअरच्या एकाच प्रकल्पातले स्वयंसेवक एकमेकांशी बऱ्यापैकी बोलतात. संवाद तुटतो तो दोन प्रकल्पांच्या हद्दीवर, आणि तिथला बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, बेवारस राहतो. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून रात्री या कामाला बसणाऱ्या पुण्यातल्या मंडळींनी इकडे मुद्दाम लक्ष द्यायला हवे, कारण पडद्यावर मराठी नीट दिसणे हे कोणत्याही एका प्रकल्पाच्या हातात नसते.

समजा, लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये ‘दुसऱ्या’ लिहिले आणि ‘या’ला डावीकडून चिकटणाऱ्या अर्ध्या ‘र’ऐवजी डोक्यावर रफार आला. लगेच लिब्रेऑफिसकडे तक्रार नोंदवू नका. आधी टाइप काय झाले ते पाहा: साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’ असा क्रम असेल, तर रफार येणे बरोबरच आहे आणि शोध कीबोर्डच्या मांडणीत घ्यायचा आहे. युनिकोडमधला ०९३१ क्रमांकाचा ‘ऱ’ असूनही रफार येत असेल, तर तोच मजकूर त्याच फॉन्टसह ‘एचबी-व्ह्यू’मध्ये काढून बघा. हे साधन अक्षरांची जुळणी करणाऱ्या हार्फबझ या लायब्ररीसोबत मिळते. तिथे चित्र बरोबर आले तर लिब्रेऑफिसवर संशय घ्यावा. तिथेही चुकले, पण दुसरा फॉन्ट घेताच सुधारले, तर बहुधा फॉन्ट दोषी असतो. एवढी तपासणी केल्याने तीन प्रकल्पांतल्या माणसांचा वेळ वाचतो, आणि तो वेळही आपल्यासारखाच पदरचा असतो.

आता तक्रार लिहिताना वाचणाऱ्याला देवनागरी येत नाही असे धरून चाला. नुसते ‘अक्षर चुकीचे दिसते’ म्हटल्याने त्याला काहीच कळत नाही. अक्षरांचे युनिकोड क्रमांक ओळीने द्या, फॉन्टचे नाव आणि सर्व आवृत्त्या लिहा, अपेक्षित आणि प्रत्यक्ष अशी दोन चित्रे शेजारी ठेवा. फरकाने काय बिघडते तेही एका वाक्यात सांगा: ‘आचार्याला’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्याला’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला, त्यामुळे हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. माझ्या मते संपूर्ण तक्रारीत सर्वांत मोलाचे हेच वाक्य असते, कारण परक्या भाषेच्या मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, त्यातून कामाचे महत्त्व पटते.

तक्रार दुसऱ्या प्रकल्पाकडे गेली की दोन्हीकडच्या नोंदींत परस्परांची लिंक द्या. डेबियन या लिनक्सवर आधारित प्रणालीच्या बग-नोंदणीत मूळ प्रकल्पाकडे तक्रार पाठवल्याची खूण पत्त्यासह करता येते. जिथे अशी सोय नाही तिथे हे काम माणसाने करावे, आणि तो माणूस कोण हे नोंदीतच लिहून ठेवावे. मेंटेनर एकमेकांना आपणहून कळवतील या भरवशावर राहू नये.

पुण्यातल्या पुण्यात प्रत्यक्ष भेटून, मराठीत बोलून गुंता लवकर सुटतो आणि अशा भेटी व्हायलाच हव्यात. मात्र तिथे ठरलेली गोष्ट आणि तिचे कारण त्याच रात्री प्रकल्पाच्या उघड नोंदीत, प्रकल्पाच्या भाषेत लिहावे. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा जागतिक वेळेनुसार दुपारचे साडेतीन झालेले असतात, म्हणजे अनेक सहकारी स्वतःच्या कामात असतात. अपाची फाउंडेशनच्या प्रकल्पांत मतदान साधारणपणे किमान ७२ तास खुले ठेवण्याची पद्धत आहे, ती अशा लोकांना बोलता यावे म्हणूनच. उत्तर आले नाही तर घाई करू नये. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मार्गदर्शिकेतही पाठवलेल्या पॅचची (कोडमधल्या दुरुस्तीची) आठवण करण्यापूर्वी किमान एक आठवडा थांबायला सांगितले आहे. सुरक्षेतील त्रुटी मात्र उघड्यावर न मांडता प्रकल्पाने दिलेल्या खासगी पत्त्यावरच कळवाव्यात.

परीक्षा किंवा ऑफिसच्या व्यापामुळे काम थांबणार असेल, तर नोंदीवरून आपले नाव काढा, अर्धवट पॅच जसा आहे तसा जोडा आणि कुठवर पोहोचलात ते लिहा, म्हणजे पुढच्याला तुमची परवानगी मागत बसावे लागणार नाही.