लिव्हर-ॲक्शन रायफलसाठी ओतीव शिशाच्या गोळ्या : ऑर्डर देण्याआधीची तयारी

घरी स्वतः काडतुसं भरण्यासाठी लागणाऱ्या ओतीव शिशाच्या गोळ्या अमेरिकेत मिळायला कठीण नाहीत. मिझुरी बुलेट कंपनी, ऑरेगन ट्रेल यांच्यासारखे कारखाने आहेत, आणि गॅरेजात साचे मांडून मागणीप्रमाणे ओतून देणारे लहान ओतारीही शोधले तर सापडतात. कठीण आहे ते त्यांच्या लांबलचक यादीतून आपल्या रायफलीची गोळी ओळखणं. बहुतेक जण आधी कडकपणाचा आकडा बघतात, मग वजन, मग किंमत, आणि माप शेवटी. माझ्या मते हा क्रम पूर्ण उलटा हवा.

पण मापाच्याही आधी एक कागद तपासा, तो म्हणजे स्वतःचा व्हिसा. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल, तर फेडरल कायदा बंदूक आणि दारूगोळा दोन्ही बाळगायला मनाई करतो. त्या कायद्याच्या व्याख्येत नुसती गोळी, काडतुसाची रिकामी पुंगळी, प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी), बंदुकीची दारू हे सगळं दारूगोळ्यातच मोडतं. म्हणजे ‘मी फक्त शिशाचे तुकडे मागवले’ हा बचाव चालत नाही. नेहमीचा अपवाद राज्याच्या वैध शिकार परवान्याचा; तो मुदतीत आहे का, हे आधी पाहून घ्या. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. राज्याचे नियम मात्र सगळ्यांनाच लागू आहेत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी वापरता येत नाही, नेमबाजीच्या रेंजवर येते. त्यामुळे गोळी कशासाठी हवी, हे तिथे तरी ऑर्डरच्या आधी ठरवावंच लागतं.

आता नळीचं माप. रायफलीवर ‘.४४ मॅग्नम’ असं काडतुसाचं नाव कोरलेलं असलं तरी आतले चर, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, नेमके किती खोल कापलेत, हे त्यावरून कळत नाही. तांब्याच्या आवरणाची गोळी ०.४२९ इंचाची असते आणि ती बहुतेक नळ्यांत निभावून जाते. शिशाचं तसं नाही. गोळी चरांच्या मापापेक्षा एक-दोन हजारांश इंच जाड असेल, तरच ती नळी नीट बंद करते. सैल असली की मागचा तप्त वायू तिच्या कडेनं निसटतो, शिसं वितळवतो आणि ते नळीत थापत जातो. मग पन्नास यार्डांवरचा नेमही भरकटतो आणि संध्याकाळ तांब्याच्या ब्रशनं नळी खरवडण्यात जाते. मार्लिन कंपनीच्या .४४ रायफलींत चरांचं माप ०.४३१ भरणं नवलाचं नाही. विक्रेत्यांकडे सरसकट मिळणारी ०.४३० ची गोळी अशा नळीत मुळातच बारीक, तिथे ०.४३२ मागवावी लागते. .४४-४० या काडतुसाचं तर विचारूच नका. जुन्या विंचेस्टरींना ०.४२७ च्या आसपासची गोळी लागते, तर आजच्या इटालियन प्रतिकृतींचे चर बहुधा ०.४२९ चे असतात, आणि दोन्हींवर नाव एकच. .३०-३० ला ०.३०९ किंवा ०.३१०, .३५७ ला ०.३५८, .४५-७० ला ०.४५९ किंवा ०.४६० असे सर्वसाधारण आकडे धरून चाला. ते फक्त सुरुवातीपुरते. मार्लिनच्या उथळ चरांच्या मायक्रो-ग्रूव्ह नळ्यांबद्दल ‘यांना शिसं चालतच नाही’ असं सर्रास बोललं जातं. चालतं की! गोळी थोडी जाड लागते, एवढंच.

माप घ्यायला मासेमारीच्या दुकानातलं शुद्ध, मऊ शिशाचं वजन, थोडं तेल, पितळी सळई आणि मायक्रोमीटर एवढं पुरतं. साधा कॅलिपर नको, हजारांशाच्या कामाला तो भरवशाचा नाही. मॅगझिन आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, मग चरांपेक्षा किंचित जाड असा तो तुकडा हलक्या ठोक्यांनी नळीतून पार करा. तो वाटेत कुठे सैल सरकतो आणि कुठे अडतो, तेही हाताला कळतं. बाहेर आलेल्या तुकड्यावर चरांचा ठसा असतो, त्याची समोरासमोरची रुंदी मोजा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. हे स्वतः करायचं नसेल तर गनस्मिथकडून करून घ्या, पण करा. याच आकड्यावर बाकीची यादी उभी आहे.

गोळीच्या नाकाबद्दल मात्र तडजोड नाही. नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात आणि मागच्याचं नाक पुढच्याच्या प्रायमरला टेकलेलं असतं. तिथे टोकदार गोळी घालणं म्हणजे प्रायमरवर खिळा टेकवून ठेवण्यासारखं आहे. धक्क्यासरशी मॅगझिनमध्येच बार होऊ शकतो. त्यामुळे नाक चपटंच हवं. त्यातही गोलसर खांद्याचं चपटं नाक बरं. सेमी-वॉडकटर प्रकारच्या गोळीची धारदार कड रिव्हॉल्व्हरमध्ये शोभते, लिव्हर ओढताना ती चेंबरच्या तोंडाशी अडखळते. गोळीला क्रिंपची खाच आहे का, हेही फोटोत बघा. मॅगझिनची स्प्रिंग सतत रेटत असते. पुंगळीचं तोंड त्या खाचेत घट्ट वळवलं नसेल तर गोळी आत ढकलली जाते आणि दाब वाढतो.

कडकपणाची जाहिरात फार होते. शुद्ध शिशाचा ब्रिनेल आकडा (कडकपणाचं माप) ५ च्या आसपास, लायनोटाइपचा २२ च्या आसपास. लायनोटाइप म्हणजे छापखान्यातला मिश्रधातू, त्यात ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. ‘हार्ड कास्ट’ हे शब्द वाचून माणूस खूश होतो. पण मंद वेगाच्या काडतुसात अतिकडक गोळी फुगून नळीत बसत नाही आणि शिसं उलट जास्त थापलं जातं. माप बरोबर असेल तर काउबॉय स्पर्धेच्या वेगाला १२ चा कडकपणाही पुरतो. या स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमात रायफलीची गोळी शिशाची आणि वेग सेकंदाला १,४०० फुटांच्या आत लागतो, तिथे गॅस चेक, म्हणजे गोळीच्या बुडाला बसवलेली तांब्याची टोपी, चालत नाही. .३०-३० पूर्ण वेगानं चालवायची असेल, विशेषतः लिव्हर-ॲक्शन सिल्हूएटमध्ये (प्राण्यांच्या आकाराची पोलादी लक्ष्यं पाडायच्या स्पर्धेत) २०० मीटरवरचा पोलादी मेंढा पाडायचा असेल, तर गॅस चेक असलेली, १७० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) आसपासची गोळी मागवा. वंगणाच्या मेणाऐवजी पॉलिमरचा लेप दिलेल्या गोळ्याही आता सहज मिळतात. धूर कमी होतो, हात कमी माखतात. मी लेपाच्या बाजूचा आहे. फक्त त्यांचं माप लेप दिल्यानंतरचं आहे ना, हे विक्रेत्याला विचारा.

वजन निवडताना नळीचा पीळ आठवा. .४४ मॅग्नमच्या बऱ्याच मार्लिनांचा पीळ ३८ इंचांत एक फेरा, म्हणजे संथ. लांब, जड गोळी त्यात स्थिर होत नाही. २४० ग्रेनच्या आसपास राहिलेलं बरं.

पहिली ऑर्डर शंभरचीच द्या, दोन मापं मिळाली तर दोन्ही घ्या. पाचशेची पेटी स्वस्त पडते, पण २०० ग्रेनच्या पाचशे गोळ्या म्हणजे साडेसहा किलो शिसं, आणि .४५-७० च्या ४०५ ग्रेनच्या तर तेरा किलो. ते परत पाठवायचं पोस्टेज तुमच्या खिशातून जातं. नुसत्या गोळ्या टपालानं येतात. दारू आणि प्रायमर टपालानं येत नाहीत आणि कुरियरनं मागवले तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क बसतं. म्हणून ते जवळच्या दुकानातून घेणं सोयीचं.

पेटी आली की लगेच भरायला बसू नका. दहा-बारा गोळ्या मायक्रोमीटरवर मोजा, बुडाच्या कडा शाबूत आहेत का पाहा. नाकावरची सुरकुती चालते, बुडाची खोट चालत नाही. मग दारू आणि प्रायमर न घालता दोन-तीन नकली काडतुसं बनवा आणि मॅगझिनमधून लिव्हरनं फिरवून बघा. जाड गोळीमुळे पुंगळीचं तोंड फुगून चेंबरमध्ये अडकत असेल तर इथेच कळेल. १८७३ च्या विंचेस्टर पद्धतीच्या रायफलीत काडतूस लांब असूनही चालत नाही आणि आखूड असूनही; आखूड पडलं तर मॅगझिनमधलं त्यानंतरचं काडतूस कॅरिअरमध्ये, म्हणजे काडतूस वर उचलणाऱ्या ठोकळ्यात, डोकावतं आणि सगळं जाम होतं. त्या रचनेला जोरदार भरणा सोसतही नाही. दारूचं प्रमाण ओतीव गोळीसाठी छापलेल्या मॅन्युअलमधूनच घ्या, आवरणाच्या गोळीचे आकडे इथे वापरू नका.

शिसं विषारी, म्हणून हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर नको, घरात लहान मूल असेल तर मुळीच नको. हातमोजे, वेगळा टेबल, काम झाल्यावर साबणानं हात, आणि तोवर चहासुद्धा नाही.

भारतात जायचं ठरलं की रेंजला नेलेली बॅग प्रवासाला घेऊ नका. कोपऱ्यातल्या कप्प्यात राहिलेलं एक काडतूस विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसतं, आणि शस्त्र कायदा, १९५९ खाली विनापरवाना दारूगोळा बाळगल्याचा गुन्हा नोंदवला जातो. मुंबईला उतरून घरी जायच्या ऐवजी वकील शोधावा लागतो.