नाटकातून छोट्या सिनेमात जाताना

नाटकात थोडा जम बसलेल्या नटाला स्वतंत्र, म्हणजे मोठ्या स्टुडिओशिवाय होणाऱ्या सिनेमात पहिलं काम मिळालं, की सगळे एकच सल्ला देतात: 'कमी कर.' मलाही तोच मिळाला होता, आणि माझ्या मते तो अर्धाच खरा आहे. आवाजाची फेक आवरायलाच हवी. कपड्यात लपवलेला माईक कुजबुजसुद्धा टिपतो. पण पात्राच्या डोक्यातला विचारही त्यासोबत आवरला, तर क्लोजअपमध्ये चेहरा कोरा दिसतो. कमी करायचं ते दाखवणं.

माझी खरी कसोटी लागली ती क्रमाच्या बाबतीत. प्रयोगात भूमिका पहिल्या प्रवेशापासून पडदा पडेपर्यंत सलग चढत जाते. चित्रीकरण मात्र जागेच्या सोयीनं ठरतं. भांडण आज, ज्यावरून भांडण पेटलं तो प्रसंग पुढच्या आठवड्यात. मोठ्या निर्मितीत हे धागेदोरे सांभाळायला स्क्रिप्ट सुपरवायझर असतो. छोट्या युनिटमध्ये ते काम अनेकदा अशा सहायकाच्या गळ्यात पडतं, ज्याच्याकडे प्रॉपर्टी, म्हणजे प्रसंगात वापरायच्या वस्तूसुद्धा असतात. म्हणून मी वही ठेवते. सगळे प्रसंग कथेच्या क्रमानं लिहायचे आणि प्रत्येकासमोर नोंदवायचं: पात्र आत्ता कुठून आलंय, किती थकलंय, त्याला काय ठाऊक आहे आणि काय अजून ठाऊक नाही. शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी. शेवट आधी चित्रित झालेला असला, की न घडलेलं दुःख नकळत डोळ्यांत उतरतं.

हातांचंही तसंच. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा प्रसंग दुरून टिपणाऱ्या शॉटमध्ये, कप ज्या शब्दावर उचलला, क्लोजअपमध्येही त्याच शब्दावर उचलायचा. नाही जुळलं तर संकलकाला तुमचा उत्तम टेकही वापरता येत नाही. तालमीत हालचाली पक्क्या करायची सवय इथे फार कामाला येते. या बाबतीत नाटकवाले पुढेच असतात.

तालीम मिळेलच असं नाही. अमेरिकन दिग्दर्शक जॉन कॅसावेट्स यांचा पहिला सिनेमा न्यूयॉर्कमधल्या अभिनय कार्यशाळेतल्या उत्स्फूर्त प्रयोगांतून उभा राहिला, ब्रिटिश दिग्दर्शक माइक ली नटांसोबत महिनोन्‌महिने काम करून पात्रं घडवतात. पण तुमच्या वाट्याला बहुधा घाईतला दिग्दर्शक येईल. निदान एक पूर्ण वाचन मागा. मागायला लाजू नका.

आता पैसे. 'सिनेमा विकला गेला की मानधन' याचा अर्थ मी 'मानधन नाही' असाच लावते आणि मग संहिता आवडली तर होकार देते. तरी दिवस किती, प्रवास आणि जेवण कोणाकडे, इजा झाली तर खर्च कोणाचा, हे लेखी हवंच. नाटकाच्या प्रयोगांच्या तारखाही त्याच कागदावर. आणखी एक गोष्ट नवखे विसरतात: शोरीलसाठी, म्हणजे काम मागताना दाखवायच्या आपल्या निवडक प्रसंगांच्या फितीसाठी, आपले प्रसंग कधी मिळणार? अनेक चित्रपट महोत्सवांना पहिलं प्रदर्शन आपल्याकडेच हवं असतं, त्यामुळे निर्माते तोवर काहीच बाहेर देत नाहीत. मुदत सही करतानाच ठरवा. हाती आलेलं फुटेज नाचगाण्यासारखं कापून संगीताखाली दडपू नका. निवड करणाऱ्याला तुम्ही समोरच्याचं बोलणं कसं ऐकता, ते दिसू द्या.

सेटवर टेक दाखवणारा पडदा, म्हणजे मॉनिटर, नटानं बघावा का, यावर दुमत आहे. सुरुवातीच्या कामांत बघूच नये, असं मी म्हणेन. एकदा स्वतःची हनुवटी खटकली, की पुढच्या टेकमध्ये पात्र बाजूला राहतं आणि लक्ष हनुवटीकडे जातं.