आयसीयूतून घरी आलेल्या वयस्कर माणसाला परत उभं कसं करायचं

डिस्चार्ज मिळाला की आपल्याला वाटतं सुटलो एकदाचे, पण बाबा २३ दिवस आयसीयूत काढून घरी आले तेव्हा कळलं की खरं काम आत्ता सुरू झालंय. पलंगाच्या कडेला बसवलं तर दोन मिनिटांत मागे कलंडायचे, आणि मी इतकी घाबरले की सगळंच त्यांच्यासाठी करायला लागले, भरवणं, उठवणं, शर्टाची बटणं लावणं सुद्धा. त्यात त्यांचे दोन आठवडे वाया गेले. तुमच्या घरी आत्ता हेच चालू असेल तर ही चूक करू नका म्हणून लिहितेय.

आधी हे समजून घ्या की माणूस आळशी झालेला नसतो. मोठ्या आजारात स्नायू फार झपाट्याने झडतात, २०१३ च्या एका अभ्यासात आयसीयूतल्या पेशंटच्या मांडीचा पुढचा स्नायू पहिल्या १० दिवसांत सरासरी १७-१८ टक्क्यांनी बारीक झालेला दिसला होता. वय जास्त असेल तर मुळात शिल्लकच कमी असते, त्यामुळे भरून यायला आठवडे नाही, महिने लागतात.

सुरुवात चालण्यापासून करू नका, खुर्चीवरून उठण्यापासून करा. फिजिओने एकदा घरी येऊन बघितलेलं सगळ्यात बरं. हात टेकायला दांडे असलेली, न हलणारी खुर्ची घ्या, भिंतीला टेकवून ठेवा, बसायची उंची जरा जास्त असेल तर सोपं जातं. पुढे सरकून बसायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, मग पुढे वाकायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांवर आलं पाहिजे, आणि तेव्हाच दांड्यांवर जोर देऊन उठायचं. बाबा सरळ ताठ बसूनच उठायला बघायचे आणि धपकन मागे पडायचे, वाकायचं कळल्यावर त्याच दिवशी उठले. बगलेत हात घालून ओढू नका, खांदा दुखावतो. तुम्ही बाजूला उभं राहायचं आणि थांबायचं, हे थांबणं फार अवघड असतं पण तेच करायचंय. खाली बसतानाही सावकाश, त्यानेही ताकद येते. आधी ३ वेळा, दिवसातून दोनदा, मग जमेल तसं वाढवा. दुसऱ्या दिवशी माणूस पार गळून गेला तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा आणि कमी करा, बंद नका करू.

झोपेतून उठल्यावर लगेच पाऊल टाकायचं नाही, आधी पलंगाच्या कडेला पाय हलवत बसायचं, मग उभं राहून थोडं थांबायचं, कारण बीपी एकदम उतरून चक्कर येते. रात्री बाथरूमच्या वाटेवर लाईट चालू ठेवा.

खाण्याचं म्हणाल तर प्रोटीन मुख्य. अशा वेळी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम सांगतात, पण किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. भूक मेलेली असते, म्हणून थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या. व्हेंटिलेटरची नळी होती का? मग गिळायला त्रास होऊ शकतो. खाताना ठसका लागतो का, पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा ओला होतो का बघा, होत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या, आणि ताठ बसवूनच भरवा.

आता डोक्याचं आणि मनाचं, याबद्दल घरात कोणी बोलत नाही. बाबा सांगायचे की आयसीयूत त्यांना बांधून कुठेतरी नेलं होतं, आणि रात्री दचकून उठायचे. आयसीयूत भ्रम होणं फार कॉमन आहे आणि त्या आठवणी त्यांच्यासाठी अगदी खऱ्या असतात. 'असं काही झालंच नव्हतं' म्हणून उडवून लावू नका, काय दिसलं ते विचारा, मग प्रत्यक्षात काय काय झालं ते तारखेवार सांगा. आम्ही वहीत लिहून दिलं, ते रोज वाचायचे. विसरभोळेपणा, चिडचिड, उदासपणाही दिसतो, महिना-दोन महिन्यांत कमी होत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. चष्मा आणि ऐकण्याचं मशीन रोज लावा, त्याशिवाय माणूस अजूनच गोंधळतो.

पहिल्या व्हिजिटला गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन जा आणि एकेक दाखवून विचारा की ही अजून हवी का, कारण आयसीयूत सुरू केलेली झोपेची किंवा ॲसिडिटीची गोळी कधीकधी तशीच चालू राहते. स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका.

आणि ताप, एकाच पायाला सूज, लघवी कमी होणं किंवा अचानक असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं तर उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी दाखवा. छातीत दुखलं किंवा श्वास लागत असेल तर सरळ ॲम्ब्युलन्स बोलवा.