आहुप्याच्या देवराईत भूछत्रं आणि शेकरू टिपायचे असतील तर

भूछत्रांचे चांगले फोटो हवे असतील तर रानभर फिरू नका. एक पडलेला ओंडका निवडा आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुन्हा पुन्हा त्याच्याचकडे जा. मी पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावची. शाळेला सुट्टी असली की डिंभ्यावरून आहुपे गावाची वाट धरते आणि तिथल्या देवराईतल्या, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातल्या, माझ्या ठरलेल्या ओंडक्यापाशी बसते. लोक भीमाशंकरच्या देवळामागच्या गुप्त भीमाच्या वाटेवरही जातात, तिथलंही रान सुंदर आहे, पण मला आहुपंच आवडतं. देवराईतलं वाळलं लाकूडसुद्धा उचलायचं नाही, हा गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम आहे. त्यामुळे पडलेलं झाड जागेवरच कुजतं आणि कुजणाऱ्या लाकडावर भूछत्रांना जे हवं ते सगळं मिळतं. इथले फोटो काढताना हे आपण गावाचं देणं लागतो, म्हणून आधी गावात सांगून, विचारून मगच आत जायचं. चपला कुठे काढायच्या, कुठल्या भागात पाय ठेवायचा नाही, हे तिथली माणसं आपुलकीने सांगतात.

ओंडका निवडताना साल अजून धरून असलेला, अर्धा सावलीतला आणि एका बाजूने जमिनीला टेकलेला बघा. टेकलेल्या बाजूला ओल टिकते. भाद्रपदात सरी चालू असतात तेव्हा त्यावर नाजूक, पातळ छत्र्या येतात आणि दोन दिवसांत वितळून जातात. नारिंगी-गुलाबी पेल्यांच्या आकाराची बुरशीही याच दिवसांत दिसते. तिच्या काठावरचे बारीक केस टिपायचे तर कॅमेरा पेल्याच्या पातळीला आणावा लागतो, वरून काढलेल्या फोटोत ते हरवतात. नवरात्रापर्यंत पाऊस ओसरतो, छत्र्या कमी होतात आणि लाकडाला चिकटलेली कडक, फळीसारखी भूछत्रं उरतात. कोजागिरीनंतर बहुतेक जण मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी) कपाटात ठेवतात. मला ते पटत नाही. नखाएवढं, पांढुरकं, केसाळ असं एक भूछत्र फांद्यांवर सगळीकडे असतं. त्याच्या खालच्या पात्या उभ्या चिरलेल्या असतात. हवा कोरडी झाली की त्या आत वळून मिटतात आणि पुन्हा ओल मिळाली की उघडतात. तेच भूछत्र कोरड्या दिवशी आणि सर येऊन गेल्यावर, एकाच कोनातून टिपा. दोन फोटो शेजारी ठेवले की ते कसं जगतं हे बघणाऱ्याला न सांगता कळतं. मात्र त्यासाठी बाटलीतून पाणी शिंपडू नका, सरीची वाट बघा.

देवराईत उजेड कमी असतो आणि तो तसाच चांगला. फ्लॅश मारला की ओल्या टोपीवर पांढरा डाग पडतो. मी ट्रायपॉड नेत नाही, तांदूळ भरलेली कापडी पिशवी जमिनीवर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवते. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) २००, लेन्सचं छिद्र एफ ८ ते एफ ११, शटर अर्धा सेकंद उघडं राहिलं तरी चालेल, फक्त दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का बसणार नाही. पात्यांखाली अंधार असेल तर एक पांढरा कागद खाली धरा, तेवढा उजेड पुरतो. मोबाइल असला तरी हीच पद्धत. फक्त स्क्रीनवर बोट दाबून फोकस पक्का करा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, नाहीतर पांढऱ्या छत्रीचा तपशील जळून जातो. आजूबाजूचं पान, काटकी उपटून 'स्वच्छ' चौकट करायचा मोह आवरा. ते पान म्हणजेच त्या भूछत्राचं घर आहे. आणि छत्री फोटोसाठी कधीही खुडू नका. खालची बाजू हवी असेल तर लहान आरसा सरकवा.

असं तास-दीड तास एका जागी बसलं की शेकरूही येतो. आपला राज्यप्राणी असलेलं, मोठ्या खारीसारखं हे जनावर चालणाऱ्या माणसाला घाबरतं, बसलेल्याला थोड्या वेळाने विसरतं. सकाळी लवकर आणि उन्हं कलल्यावर तो जास्त फिरतो, भर दुपारी फांदीवर पसरून विसावतो. आधी खडखड आवाज येईल, मग फांदी हलेल. तेव्हा उठू नका, मांडीवर तयार ठेवलेला ३०० मिमीचा लेन्स उचला. शटर १/५०० सेकंदापेक्षा संथ नको, आयएसओ १६०० किंवा जास्त जाऊ द्या. मागे आभाळ असेल तर एक्सपोजर (फोटोतला उजेड) एक पायरी वाढवा, नाहीतर त्याची तांबूस पाठ काळी येते. तो फांदीला चिकटून निश्चल झाला तर समजा की घाबरला आहे. अशा वेळी कॅमेरा खाली ठेवा. घरट्याखाली तर मुळीच थांबू नका.

रात्री चमकणाऱ्या बुरशीसाठी हल्ली भीमाशंकरच्या रानात लोक जायला बघतात. वनखात्याची परवानगी नसताना अंधारात शिरू नका. बॅटऱ्या घेऊन फिरणाऱ्या पायांखाली तीच बुरशी चिरडते, हे मला फार लागतं. बसण्यापूर्वी ओंडक्याच्या पोकळीत काठीने हलकेच चाचपून बघा, हिरवा चापडा हा विषारी साप अशा जागीही वेटोळं घालून असू शकतो. गमबूट घाला. आणि फोटोवरून ओळख पटली म्हणून कुठलंही भूछत्र खाऊ नका. अळंबी कुठली खायची हे आहुप्यातल्या म्हाताऱ्या बायकांना ठाऊक आहे, त्यांनी हातात घेऊन बघितल्याशिवाय नाही.

घरी आल्यावर फोटोच्या नावात तारीख, लाकूड कुठल्या झाडाचं, साल होती की नव्हती, आदल्या दिवशी पाऊस होता का, एवढं लिहून ठेवा. झाड ओळखता येत नसेल तर पडलेल्या बुंध्याचा आणि शेजारी उभ्या असलेल्या तशाच सालीच्या झाडाच्या पानांचा फोटो घ्या. हिरडा, जांभूळ, अंजन या झाडांची नावं गावातलं पोरही पान बघून सांगतं.