फोर्कलिफ्ट प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्यांनो, या चुका टाळा

नाशिकमधील सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दहा-बारा वर्षे फोर्कलिफ्ट चालवलेले ऑपरेटर मला भेटतात आणि प्रशिक्षक होण्याचे प्रमाणपत्र कोठे मिळेल, असे विचारतात. शिकवायचे कसे, हे क्वचितच कोणी विचारते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कंपनी म्हणेल तेवढी माणसे एका दिवसात ‘उरकून’ देणे. सुरुवातीच्या काळात मीही ती केली. अंबडमधील एका कारखान्याने वीस माणसे, एक यंत्र आणि एक दिवस दिला. सकाळ वर्गात गेली. दुपारच्या चार तासांत माणशी बारा मिनिटे आली. संध्याकाळी साहेबांनी वीस प्रमाणपत्रे पुढे ठेवली आणि पुढचे काम मिळेल या आशेने मी वीसही सह्या केल्या. महिन्याभरात त्यांतल्या एकाने अरुंद गल्लीत वळताना यंत्राचा मागचा भाग रॅकच्या खांबावर घातला. फोर्कलिफ्टची मागची चाके वळतात, म्हणून मागचे जड टोक वळणाच्या बाहेरच्या बाजूला फिरते, हे मी फळ्यावर चित्र काढून समजावले होते; पण ते हातांत उतरायला बारा मिनिटे पुरत नाहीत. रॅक रिकामा होता म्हणून कोणाला इजा झाली नाही. चौकशीत त्याचे प्रमाणपत्र निघाले, त्यावर सही माझी होती. तेव्हापासून एका यंत्रामागे दिवसाला सहांहून अधिक माणसे मी घेत नाही आणि जो तयार नाही, त्याच्या नावापुढे ‘पुन्हा सराव’ असे लिहितो. यामुळे कामे जातात, जाऊ द्यावीत.

दुसरी चूक यंत्रावर लावलेल्या, ते किती भार उचलू शकते हे सांगणाऱ्या क्षमतेच्या पाटीची. ‘दोन टनांचे यंत्र दोन टन उचलते’ असे शिकवणारा प्रशिक्षक अर्धेच सांगतो, कारण ती क्षमता भाराचा मध्य काट्यांच्या उभ्या बाजूपासून साधारणपणे 500 मिलिमीटरवर असतानाची असते. लांब पेटीमुळे तो मध्य 750 वर गेला, की काही जण सरळ त्रैराशिक मांडून 1333 किलो सांगतात. उत्तर सुरक्षित बाजूला पडते, पण रीत चुकीची आहे, कारण यंत्र पुढच्या आसावर तोलले जाते. आस ते काटे हे अंतर 400 मिलिमीटर धरल्यास 2000 गुणिले 900 भागिले 1150, म्हणजे सुमारे 1565 किलो. हे गणित फक्त कारण समजण्यासाठी आहे. उचलताना मात्र पाटीवरचाच आकडा मानावा आणि काट्यांना जादा साधन (अटॅचमेंट) लावले असेल, तर त्यासह दिलेली पाटी पाहावी.

शिकाऊ अडखळला की स्वतः सीटवर बसून काम करून दाखवण्याचा मोह आवरावा. तुम्हाला येते हे त्याला माहीत आहे. सीटबेल्ट न लावता प्रात्यक्षिक दाखवू नये. यंत्र उलटताना बाहेर उडी मारणारा त्याखालीच सापडू शकतो, हे पहिल्याच तासाला सांगावे. कारखान्याच्या आवारातच वापरले जाणारे यंत्र मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून प्रशिक्षणही नको, असे म्हणणाऱ्या मालकाशी वाद घालण्यात वेळ घालवू नये.

शेवटचे, नाशिकपुरते. द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजूच्या शीतगृहांतून घाईचे बोलावणे येते आणि काउंटरबॅलन्सवर, म्हणजे मागे जड वजन असलेल्या नेहमीच्या फोर्कलिफ्टवर, तयार झालेला नवा प्रशिक्षक रीच ट्रकही (काटे पुढे सरकवून रॅकवर माल ठेवणारे यंत्र) शिकवायचे कबूल करतो. त्यात चालक बहुधा आडवा बसतो, गल्ली अरुंद असते आणि जमीन ओलसर. मी त्या यंत्रावर आधी स्वतः आठवडाभर रिकामे पॅलेट ठेवत-काढत बसलो होतो, आणि मगच कामाला होकार कळवला.