‘कॅच’ धरताना

फोनवरची माझी पहिली इंग्रजी मुलाखत. मी नाव सांगितलं, तर पलीकडून आवाज आला, ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच युअर नेम.’ कॅच म्हणजे झेलणं, एवढंच तेव्हा ठाऊक. मी नाव फेकलं कधी आणि यांच्या हातून सुटलं कधी? या कोड्यात गप्प बसले. त्यांनी पुन्हा नाव विचारलं तेव्हा उजेड पडला: त्यांना ते नीट ऐकूच आलं नव्हतं.

मग शब्दकोशातले कॅचचे सगळे अर्थ वहीत उतरवून घोकले. तुम्ही ते करू नका. चार दिवसांत माझी यादी विसरूनही झाली होती.

उपयोग झाला तो शब्दाचं मूळ कळल्यावर. कॅच इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, आणि तिथे त्याचा अर्थ होता पाठलाग करणं. ‘चेस’ हा त्याचा सख्खा भाऊ. म्हणजे काहीतरी निसटून चाललंय आणि कुणीतरी ते अडवतंय. चेंडू झेलतो, सुटणारी बस गाठतो, चोराला रंगेहाथ पकडतो, कुणाची नजर वेधून घेतो. मराठीत क्रियापदं चार, इंग्रजीत एकच कॅच. कानावरून निघून जाणारं माझं नावही त्याच रांगेतलं.

सर्दी आणि आग मात्र या चित्रात बसेनात. ‘शी कॉट अ कोल्ड’ म्हणजे काय तिने सर्दीचा पाठलाग केला? (भूतकाळ ‘कॉट’ बरं का, मी कितीतरी दिवस ‘कॅच्ड’ लिहीत होते.) इथे आपलं ‘धरणं’ आठवा. झाड फळ धरतं, जखम खपली धरते, बाळ बाळसं धरतं, माणूस अबोला धरतो. यात हात कुठेच नाही, तरी आपण अडखळत नाही. ‘कॅच फायर’साठी तर आपल्याकडे ‘पेट घेणं’ तयारच आहे.

म्हणून आता वहीत सुटा शब्द लिहीत नाही. अख्खं वाक्य लिहिते आणि शेजारी, तिथे मराठीत आपसूक येईल ते क्रियापद. ‘व्हॉट्स द कॅच?’ हे तर क्रियापदही नाही, नाम आहे. त्याच्यापुढे लिहिलंय, ‘यात गोम काय?’ आणि धावून आल्यावर इंग्रजीत ‘कॅच युअर ब्रेथ’ म्हणतात, त्याच्यापुढे: ‘दम खा’.