निकालाच्या दिवशी टीव्हीवरचा लीड बघून फटाके आणू नका, आकडे असे वाचा

विधानसभेचा निकाल म्हटलं की सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी चॅनलवर आघाडी-पिछाडी सुरू होते आणि साडेनऊपर्यंत आपल्या फॅमिली ग्रुपवर काका लोक मंत्रिमंडळ पण बनवून मोकळे होतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. त्या वेळी मशीनची मोजणी जेमतेम सुरू झालेली असते. आठला आधी पोस्टल मतं उघडतात, साडेआठपासून ईव्हीएम, म्हणजे सुरुवातीचा जो लीड दिसतो तो बऱ्याचदा काही शे मतांचा असतो, त्यावर कसली चर्चा करायची.

तर पहिलं काम, निवडणूक आयोगाची रिझल्टची साइट उघडायची आणि आपला मतदारसंघ शोधून ठेवायचा. चॅनलवाले आपापल्या माणसांकडून आकडे घेतात, म्हणून तीन चॅनलवर तीन वेगळे आकडे दिसतात. आयोगाच्या साइटवर आकडा जरा उशिरा येतो पण तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावरून आलेला असतो. तिथे उमेदवारांच्या मतांबरोबरच किती राउंड झाले तेही बघायचं, खरा खेळ तिथेच आहे.

राउंड म्हणजे काय तर हॉलमध्ये साधारण १४ टेबलं असतात, प्रत्येक टेबलावर एका बूथचं मशीन, ती १४ मोजून झाली की एक राउंड. समजा तुमच्याकडे २५० बूथ आहेत, मग १८ राउंड. बूथमागे हजारेक मतदार धरा, मुंबईत मतदान पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या आसपास घुटमळतं (सुट्टी मिळाली की लोणावळा, काय बोलणार), म्हणजे एका राउंडला साधारण सात-साडेसात हजार मतं. आता गणित सोपं आहे, लीड ६ हजारांचा आणि बाकी ८ राउंड, म्हणजे अजून ५५-६० हजार मतं डब्यात आहेत, काहीही होऊ शकतं. तोच लीड दोन राउंड बाकी असताना असेल तर समोरच्याला उरलेल्या प्रत्येक राउंडला तीन हजारांनी पुढे राहावं लागेल, ते अवघड, पण अशक्य नाही, कारण बूथ मोजतात ते नंबरच्या क्रमाने. म्हणजे एका बाजूची वस्ती आधी येते, दुसऱ्या बाजूची नंतर. एखाद्याचा बालेकिल्ला शेवटच्या नंबरांत असेल तर तो दुपारपर्यंत मागे दिसणार आणि मग एकदम उसळी मारणार. आपल्या शाखेतला जुना कार्यकर्ता असतो ना, लीड तुटला तरी चहा पीत शांत बसलेला, त्याला हे बूथ नंबर पाठ असतात. तुम्ही पण मतदार यादीतले भाग नंबर (एक भाग म्हणजे एक बूथ) एकदा बघून ठेवा, कुठला नंबर कुठल्या गल्लीचा ते कळलं की अर्धं काम झालं.

पोस्टल मतांना मात्र किरकोळ समजू नका. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिममध्ये ईव्हीएममध्ये अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते, हो एकाच, आणि पोस्टल धरून रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. साडेचार लाखांवर मतं दोघांनाही. त्याच वर्षी विधानसभेला बेलापूरला फरक ३७७, साकोलीत नाना पटोले २०८ नी, मालेगाव मध्यला तर १६२. असा निसटता फरक असला की बाद झालेली पोस्टल मतं किती ते विचारायचं, ती फरकापेक्षा जास्त असतील तर पुन्हा तपासावी लागतात. शिवाय शेवटी चिठ्ठी टाकून निवडलेल्या पाच बूथांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कोणाला गेलं ते दाखवणारे मशीनमधले कागद) मोजतात, म्हणून सगळे राउंड संपले तरी घोषणा रखडते. लगेच गडबड गडबड म्हणून मेसेज फॉरवर्ड करू नका प्लीज.

तिसऱ्या नंबरवरचा माणूस पण बघायचा. माहीममध्ये २०२४ ला महेश सावंत ५०,२१३, सदा सरवणकर ४८,८९७ आणि अमित ठाकरे ३३,०६२. फरक १,३१६ चा आणि तिसऱ्याकडे तेहतीस हजार, म्हणजे अशा ठिकाणी नुसता लीड बघून काहीच कळत नाही. अर्थात तिसरा नसता तर ती सगळी मतं अमक्यालाच पडली असती हे जे लोक छातीठोकपणे सांगतात ना, त्यांना विचारा की कुठून कळलं. डिपॉझिटचा हिशोब वेगळा, वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मिळाली नाहीत तर १० हजार गेले, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराचे ५ हजार.

राज्याचं चित्र बघताना २८८ पैकी १४५ हा बहुमताचा आकडा डोक्यात ठेवायचा, आणि टक्केवारी आणि जागा यांची गल्लत करायची नाही. २०२४ ला शरद पवारांच्या पक्षाला ११ टक्क्यांच्या वर मतं आणि जागा १०, अजित पवारांच्या पक्षाला ९ टक्के आणि जागा ४१. अजित पवारांनी कमी जागा लढवल्या पण त्यातल्या बऱ्याच जिंकल्या. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, ठाकरेंची २०, काँग्रेस १६. मुंबईचं चित्र मात्र एवढं एकतर्फी नव्हतं, ३६ पैकी भाजप १५, ठाकरे १०, शिंदे ६, काँग्रेस ३. राज्याची लाट बघून आपल्या वॉर्डाचा अंदाज बांधणारे इथेच आपटतात.

निकालानंतर काही दिवसांनी फॉर्म २० येतो, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर, त्यात बूथनिहाय कोणाला किती ते सगळं असतं. आमच्या एरियातून तुम्हालाच लीड होता साहेब असं सांगत फिरणाऱ्यांचं पितळ तिथे उघडं पडतं. बहुतेक वेळा स्कॅन केलेली पीडीएफ असते, सर्च चालत नाही, मोबाइलवर झूम करून आपल्या भाग नंबरची ओळ शोधावी लागते, त्यापेक्षा लॅपटॉपवर उघडा.